सरकीवरील पेशी

पेशी हा शब्द उच्चारताच सूक्ष्मदर्शकाखालील काहीतरी अदृश्य वस्तू आपल्या मनापुढे उभी राहते. परंतु बीड जिल्ह्यातील गेवराई, माजलगावकडच्या काळ्या रानांत बोंड फुटले म्हणजे लाखो पेशी नुसत्या डोळ्यांना दिसतात. सरकीवरचा प्रत्येक तंतू म्हणजे बीजाच्या त्वचेतील एकेक पेशीच होय. रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये बुचाच्या कापात ज्या कोठड्या पाहिल्या, त्या मृत पेशींच्या भिंती होत्या. आपल्या अंगावरील सुती वस्त्रही तशाच भिंतींचे विणलेले आहे.

तंतू जिवंत असताना काय करतो, हे पाहण्याजोगे आहे. फूल उमलते त्याच दिवशी ही पेशी वाढू लागते. पानांनी केलेली साखर झाडाच्या नळ्यांतून बोंडापर्यंत येते. पेशी ती आत घेते, तिच्या मागोमाग पाणी शिरते, आणि पाण्याच्या दाबाने सुमारे तीन आठवडे ती लांबत जाते. या कामास लागणारी शक्ती साखरेच्याच श्वसनातून मिळते. ती शक्ती पेशीत ज्या द्रव्याच्या रूपाने खेळते, ते एटीपी लोमान याने १९२९ मध्ये शोधले. पुढे उरलेली साखर भिंतीचे सेल्युलोज होते. म्हणून ऐन फुलोऱ्यानंतर पावसाने ओढ दिली की धागा आखूड राहतो. कोरडवाहू बीडच्या शेतकऱ्यास त्याची किंमत बाजारात मोजावी लागते.

तंतू स्वतः विभागत नाही. वंश चालवितो तो सरकीतील गर्भ. पेशी पेशीपासूनच होते, हे विर्खो याने १८५५ मध्ये सांगितले, आणि विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची वाटणी कशी होते, हे फ्लेमिंग याने १८८२ मध्ये दाखविले. आपल्या देशी कापसात ही गुणसूत्रे २६, तर अमेरिकन कापसात ५२ असतात. अमेरिकन कापसाच्या १३ जोड्या आशियाई कापसाशी जुळतात, असे स्कॉव्हस्टेड याने १९३४ मध्ये ताडले. बीझ्ली याने १९४० मध्ये आशियाई कापूस व अमेरिकेतील रानटी कापूस यांचा संकर करून त्यास दुजोरा दिला. परका वाटणारा कापूस आपल्या कापसाचा अर्धा भाऊच ठरला.

निजामी अमलात मराठवाड्यात देशी कापसाचेच प्राबल्य होते. घरची सरकी राखून पुढल्या वर्षी पेरता येई. १९७० मध्ये सुरतेस एच-४ हा संकरित वाण निघाला. संकरित झाडाच्या बीजात गुणसूत्रांची नवी सरमिसळ होऊन गुण विस्कटतात, म्हणून बियाणे दरवर्षी विकत घेणे आले. उत्पन्न वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पेरणीपूर्वीच कर्ज करण्याचा प्रसंगही वाढला. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली. त्यातील प्रथिन अळीच्या आतड्यातील पेशींच्या आवरणास छिद्रे पाडते. पेशीची ने-आण बिघडून अळी मरते. तथापि अळीलाही वंश आहे. ज्या अळ्या तगल्या त्यांचीच प्रजा वाढली, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने मराठवाड्याची बोंडे पोखरली.

यावरून विज्ञानास दोष द्यावा, असे आम्हांस वाटत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने सुधारलेले देशी वाणही काढले आहेत, आणि त्यांची सरकी पुन्हा पेरता येते. लांब धागा आणि मोठे बोंड यांबरोबरच, कमी पाण्यात निभावणे आणि बियाणे घरात राहणे हेही वाणाचे गुणच समजले पाहिजेत. बीडसारख्या अवर्षणप्रवण मुलखात संशोधनाची कसोटी लावताना हे दोन गुण शेवटी मोजून चालणार नाही.