पाहुण्याचें नांव

राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या कांद्याच्या वाणांत 'बसवंत ७८०' हा खरिपाचा, तर 'एन-२-४-१' हा रब्बीचा व साठवणींत टिकणारा. दोहोंचें बीं मात्र सारखेंच काळें. पिशवीवरील चिठ्ठी निघून गेली तर जाणत्या शेतकऱ्यासहि भेद सांगतां येणार नाहीं. खरें काय तें पीक उभें राहिल्यावरच कळावयाचें. चिठ्ठी आणि आंतील वस्तु यांमधील हाच पेंच संगणकांच्या जगांतहि उत्पन्न झाला आहे.

एका संगणकाच्या पोटीं अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा भास निर्माण करावयाचा, ही कल्पना अमेरिकेंतील केंब्रिज येथें आयबीएम कंपनीच्या शास्त्रीय केंद्रांत आकारास आली. रॉबर्ट क्रीसी व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ सालीं आरंभिलेलें काम १९६७ सालीं 'सीपी-४०' या रूपानें चालू झालें, आणि एकाच यंत्रावर १४ आभासी यंत्रें नांदूं लागलीं. १९७२ सालीं 'व्हीएम/३७०' या नांवानें ही सोय ग्राहकांस मिळाली. आभासी यंत्राचा सारा कारभार पाहणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, तिला पुढें 'पाहुणा' म्हणण्याचा प्रघात पडला. यजमान एक, पाहुणे अनेक. मराठी घरास हें रूपक समजावून सांगावयास नको! यंत्रें थोडीं होतीं तोंवर कोणत्या खोलींत कोण उतरला आहे, हें लक्षांत ठेवणें चालकास जड नव्हतें.

पुढें १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत व्हीएमवेअर कंपनी निघाली. १९९९ सालीं तिनें साध्या संगणकावर व २००१ सालीं मोठ्या सर्व्हरवर हीच किमया आणली. २००७ सालीं लिनक्सच्या गाभ्यांतच 'केव्हीएम' दाखल झालें. मग पाहुण्यांची गर्दी झाली. शेंकडों यंत्रें एकेक उघडून पाहणें अशक्य, म्हणून स्क्रिप्टचा, म्हणजे ओळीनें लिहून ठेवलेल्या हुकुमांचा, आश्रय घेतला गेला. व्हीएमवेअरनें त्यासाठीं २००८ सालीं काढलेलें साधन पुढें 'पॉवर-सीएलआय' या नांवानें रूढ झालें. सर्व यंत्रांची यादी मागवावी आणि पाहुण्याच्या नांवांत 'विंडोज' असेल तेवढीं निवडावीं, इतकें तें दिसावयास सोपें.

परंतु येथें नांवें दोन आहेत. पहिलें, यंत्र निर्माण करणाऱ्यानें त्या वेळीं यादींतून निवडलेलें. दुसरें, आंत बसविलेला 'व्हीएमवेअर टूल्स' हा सहायक पाहुण्याच्या घरांतून कळवितो तें. पाहुण्यानें आंतल्या आंत २००८ च्या सर्व्हरवरून २०१२ च्या सर्व्हरवर बढती घेतली, तरी पहिलें नांव आपोआप बदलत नाहीं. कोणी घाईनें 'इतर' असें लिहून ठेवलें, तर तें यंत्र 'विंडोज'च्या निवडींतून साफ निसटतें. उलट, सहायक बसविलेलाच नसेल तर दुसरा रकाना रिकामा राहतो.

अशी चूक केवढ्यास पडूं शकते? २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नामक विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला. मर्स्क कंपनी त्याच्या तडाख्यांत सांपडली, आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचें काम विस्कळित झालें. विंडोजमधील ज्या दोषाचा त्यानें उपयोग केला, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें त्याच वर्षीं मार्चमध्यें प्रसिद्ध केली होती. चोरलेल्या परवलीच्या शब्दांनीं तो दुरुस्त यंत्रांतहि शिरला हें खरें. तरी आपल्या घरीं कोणती ऑपरेटिंग सिस्टिम कोठें चालू आहे, हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांनीं दुरुस्ती तरी कोठें करावी? मर्स्कला ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक १० दिवसांत पुन्हां उभे करावे लागले, असें कंपनीच्या अध्यक्षांनीं जानेवारी २०१८ मध्यें दाव्होस येथें सांगितलें.

जाणता व्यवस्थापक म्हणून दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं छापून घेतो, न जुळणारीं निराळीं काढतो आणि रिकाम्या रकान्यांची तिसरी यादी करतो. या तिसऱ्या यादींतील यंत्रें मात्र एकेक उघडूनच पाहावीं लागतात. आणि त्यांतील एखादें कशासाठीं उभारलें होतें हें सांगूं शकणारा मनुष्य बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो.