लॅक्रॉस : महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा

महिलांच्या मैदानी लॅक्रॉसमधील सर्वोच्च आंतरराष्ट्रीय स्पर्धा. राष्ट्रीय संघांची ही स्पर्धा १९८२ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे प्रथम भरली. त्यानंतर १९८६ आणि १९८९ मध्ये ती झाली. पुढे दर चार वर्षांनी भरू लागली. २०१७ पर्यंत तिला विश्वचषक म्हणत, आता अजिंक्यपद स्पर्धा म्हणतात. २०२२ पर्यंतच्या ११ स्पर्धांपैकी ९ अमेरिकेने आणि २ ऑस्ट्रेलियाने जिंकल्या. एकही अंतिम सामना अमेरिकेवाचून झालेला नाही.

खेळ : लॅक्रॉसच्या लांब काठीच्या टोकाला जाळी असते. रबरी चेंडू या जाळीत झेलायचा, जाळीतूनच सहकाऱ्याकडे फेकायचा आणि शेवटी सहा फूट उंच, सहा फूट रुंद गोलात मारायचा. हॉकीत चेंडू बहुतेक वेळ जमिनीवर घरंगळतो. इथे तो डोक्या-खांद्याच्या उंचीवरून उडत असतो. महिलांच्या काठीची जाळी उथळ असते. चेंडू आत असताना त्याचा वरचा भाग कडेच्या वर दिसला पाहिजे, असा नियमच आहे. त्यामुळे चेंडू सांडू नये म्हणून खेळाडू धावताना काठी सतत झुलवत राहते. पुरुषांच्या खेळात अंगावर धडक देता येते, महिलांच्या खेळात येत नाही. म्हणून गोलरक्षिका सोडली तर कोणाच्याही अंगावर जड कवच नसते. पूर्वी एका बाजूला १२ खेळाडू असत, आता १० असतात. दोन्ही खेळ एकाच नावाने ओळखले जात असले तरी महिलांचा लॅक्रॉस ही पुरुषांच्या खेळाची सौम्य आवृत्ती नव्हे. त्याची घडण वेगळ्या ठिकाणी झाली.

पूर्वपीठिका : मूळ खेळ उत्तर अमेरिकेतील आदिवासी राष्ट्रांचा. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावच्या सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका लुईझा लम्सडेन यांनी १८८४ मध्ये कॅनडातील माँट्रिऑल येथे लॅक्रॉसचा सामना पाहिला आणि त्यांना तो फार आवडला. १८९० मध्ये त्याच शाळेत मुलींचा पहिला सामना झाला. याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत हा खेळ सुरू केला. अमेरिकेत जन्मलेला खेळ अमेरिकी मुलींना असा स्कॉटलंडच्या वाटेने मिळाला. महिला लॅक्रॉसची आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली. पुरुषांची वेगळी होती. २००८ मध्ये दोन्ही एक झाल्या आणि २०१९ पासून ही संघटना ‘वर्ल्ड लॅक्रॉस’ या नावाने काम करते.

स्पर्धेचा इतिहास : १९८२ च्या अंतिम सामन्यात अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला १०-७ असे हरवले. पुढची स्पर्धा पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर येथे, म्हणजे अमेरिकेच्या अंगणात झाली. तिथे ऑस्ट्रेलियाने नेमक्या त्याच फरकाने, १०-७ ने परतफेड केली. त्यानंतर पर्थ (१९८९), एडिंबरा (१९९३), टोकियो (१९९७) आणि हाय वायकम (२००१) अशी सलग चार विजेतेपदे अमेरिकेने मिळवली. यांपैकी मधले दोन अंतिम सामने ४-१ आणि ३-२ असे संपले. तेव्हा ठराविक वेळात गोलावर फटका मारण्याचे बंधन नव्हते, चेंडू हवा तेवढा वेळ राखून ठेवता येई. आजच्या प्रेक्षकाला ते आकडे फुटबॉलचे वाटतील.

२००५ मध्ये मेरीलँडमधील अ‍ॅनापोलिस येथे अमेरिका पुन्हा यजमान झाली आणि पुन्हा हरली. ऑस्ट्रेलियाचा १४-७ हा विजय निर्विवाद होता. ऑस्ट्रेलियाची दोन्ही विजेतेपदे अमेरिकेच्या भूमीवरची आहेत. त्या देशाबाहेर अमेरिकी संघाला अंतिम सामन्यात कोणीही हरवलेले नाही. प्राग येथे २००९ मध्ये अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला ८-७ असे निसटते हरवले. पुढील तिन्ही वेळा प्रतिस्पर्धी कॅनडा होता : ओशावा (२०१३) येथे १९-५, गिल्डफर्ड (२०१७) येथे १०-५ आणि टाऊसन (२०२२) येथे ११-८. करोनामुळे एक वर्ष लांबलेली टाऊसनची स्पर्धा बाल्टिमोरला लागूनच, सिंक्लेअर यांच्या शाळेपासून जवळ झाली. मायभूमीवरचे पहिले विजेतेपद मिळायला अमेरिकेला ४० वर्षे लागली.

पहिल्या स्पर्धेत ६ संघ होते, त्यांपैकी इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स हे ब्रिटनमधीलच तीन. २००९ मध्ये ही संख्या १६ आणि २०१७ मध्ये २५ झाली. नवख्या संघांचा दोन आकडी गोलांनी पराभव होणे मात्र अजूनही नित्याचे आहे. संघ वाढले, चुरस त्या मानाने वाढली नाही. २०२६ च्या स्पर्धेसाठी खंडनिहाय पात्रता फेऱ्या ठेवून संघ १६ वर आणले आणि यजमानपद जपानला दिले.

हॉडेनोशॉनी संघ : मोहॉक, ओनायडा, ऑनोंडागा, कायूगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा हा महासंघ लॅक्रॉसला निर्मात्याने दिलेली देणगी आणि औषधी खेळ मानतो. परंपरेनुसार स्त्रियांनी लाकडी काठीला हात लावायचा नसे, त्यामुळे महिला संघाला घरातूनच विरोध झाला. अखेर २००९ मध्ये प्राग येथे हा संघ प्रथम उतरला. २०१५ मध्ये १९ वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेसाठी हॉडेनोशॉनी मुलींच्या संघाला एडिंबराला जायचे होते. ब्रिटनने महासंघाचे स्वतःचे पारपत्र ग्राह्य धरले नाही आणि मुलींना घरी राहावे लागले. ज्या स्कॉटलंडमध्ये मुलींचा लॅक्रॉस रुजला, तिथेच हे घडले.

ऑलिंपिक : ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या १४१ व्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही मंजुरी मिळाली. आपल्याकडे त्या दिवशी अर्थातच क्रिकेटचीच चर्चा झाली. पुरुषांचा लॅक्रॉस १९०४ आणि १९०८ मध्ये ऑलिंपिकमध्ये होता. महिलांचा प्रथमच येत आहे, तोही सहा जणींच्या छोट्या मैदानावरच्या प्रकारात. हॉडेनोशॉनींना स्वतःची मान्यताप्राप्त ऑलिंपिक समिती नाही, त्यामुळे तिथे स्वतःच्या नावाने उतरता येत नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मात्र त्यांचा संघ आपल्या जांभळ्या-पांढऱ्या ध्वजाखाली खेळतो.