आशंका, पाषांड, विवेक

घनसावंगी तालुक्यातील (जि. जालना) जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). न मानणाऱ्यांना मराठीने कोणती नावे दिली, याचा शोध तिथून सुरू करणे काहींना विपरीत वाटेल. पण ‘दासबोधा’च्या नवव्या दशकातील समासांची नावे पाहावीत : आशंका, निःसंदेह, अनुमाननिरसन, विकल्पनिरसन, संदेहवारण. शंकेच्या इतक्या छटा नोंदवणारा ग्रंथ शंकेला भीत नव्हता. श्रोता आशंका घेतो, वक्ता उत्तर देतो आणि निरूपण पुढे सरकते. अट एकच, शंका अखेर फिटली पाहिजे. निःसंदेह होणे हेच सिद्धाचे लक्षण. ज्याची शंका फिटतच नाही, त्याला या रचनेत घर नाही.

अशा माणसासाठी भाषेत जे शब्द होते, ते इतरांनी दिलेले होते. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे कोणताही पंथ. सर्व पासंडांचा मान राखावा, असे तो सांगतो. संतवाङ्मयात हाच शब्द ‘पाषांड’ होऊन येतो, तेव्हा त्याचे खंडन करायचे असते. ‘नास्तिक’ शब्दही असाच सरकत गेला. पाणिनीच्या सूत्राचे टीकाकार ‘परलोक नाही असे मानणारा’ असा अर्थ देतात. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदनिंदक. आज देव नाकारणारा. म्हणूनच निरीश्वर सांख्य जुन्या वर्गवारीत आस्तिक, तर वेद न मानणारे जैन नास्तिक.

स्वतःचे नाव स्वतः निवडण्याचा काळ उशिरा आला. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. नाव नकारावरून नव्हे, कामावरून घेतले. त्याच नावाचा वारसा सांगत दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरात सुरू केलेले मासिक पुढे ‘आजचा सुधारक’ म्हणून ओळखले गेले. त्यांनी आपल्या भूमिकेला ‘विवेकवाद’ म्हटले. ‘दासबोधा’च्या बाराव्या दशकाचे नाव ‘विवेकवैराग्य’ आहे. समर्थांचा विवेक आत्मानात्म निवडणारा, देशपांड्यांचा पुरावा तपासणारा. तरी शब्द एकच. न मानणाऱ्यांनी शिवी टाकून दिली आणि परंपरेच्याच घरातला मानाचा शब्द उचलला.

सरकारी कागद अजून तिथवर पोचलेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरातील सुमारे २८.७ लाख लोक ‘धर्म सांगितला नाही’ या सदरात आहेत. त्यात न मानणारा कोण आणि नुसता गप्प राहिलेला कोण, हे त्या सदरावरून कळत नाही.