मुसळी, खरपुडी, सीताअशोक : आपल्या भागातल्या दुर्मिळ वनस्पती कुठे उगवतात आणि अभयारण्य त्यांना किती वाचवतं?

बदलापूर : पहिला पाऊस पडला की बदलापूर, उल्हासनगरच्या बाजारात आदिवासी बाया फोडशी म्हणजेच कुलीच्या जुड्या घेऊन बसतात. ही मुसळीच्या कुळातली भाजी. याच कुळातली सफेद मुसळी जंगलातून मात्र कमी होत चालली आहे. अशा वनस्पती नेमक्या कुठे राहतात आणि सरकारी जंगल त्यांना वाचवतं का, याची ही माहिती.

कुठे उगवतात?

सफेद मुसळी : हिच्या शास्त्रीय नावातच बोरिवली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी ती बोरिवलीच्या जंगलातून जगापुढे आणली. औषधी मुळांसाठी ती उपटली जाते.

खरपुडी (कंदीलपुष्प) : फूल कंदिलासारखं. उतारावर, गवतात, कड्यांवर येते. हिच्या अनेक जाती सह्याद्रीतच सापडतात. कंद खाण्यासाठी खणला की रोप संपलं.

शिंदळ माकुडी : खडकाच्या भेगेत वाढते. शिवनेरीसारख्या किल्ल्यांचे कडे हे तिचं घर. जगात फक्त महाराष्ट्रात आढळते.

सीताअशोक : ओढ्याकाठचं सावलीतलं झाड. सालीला औषधी मागणी मोठी. जागतिक लाल यादीत धोक्यात असल्याची नोंद आहे.

जवळची अभयारण्यं कोणती?

शहापूरकडे तानसा, वसईकडे तुंगारेश्वर, पनवेलजवळ कर्नाळा आणि मुरबाडच्या डोंगरापलीकडे भीमाशंकर. भीमाशंकर 1985 मध्ये झालं, ते मुख्यतः शेकरूसाठी. कर्नाळा पक्ष्यांसाठी. तानसाचं जंगल मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाभोवतीचं. माथेरान परिसर 2003 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे.

म्हणजे हद्दी आखल्या गेल्या त्या प्राणी, पक्षी नाहीतर पाणी डोळ्यासमोर ठेवून. मोठी झाडं त्यात आपोआप सांभाळली जातात. पण खरपुडी कातळावर, मुसळी माळावर, शिंदळ माकुडी किल्ल्याच्या कड्यावर. अशा बऱ्याच जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर राहतात. चंदेरी, मलंगगड, कोंडेश्वर, बारवी या आपल्या बाजूला तर वणवा, खदान, प्लॉटिंग आणि पावसाळी गर्दी हे सगळं एकाच वेळी चालू आहे.

कायदा काय म्हणतो?

अभयारण्यात परवानगीशिवाय झाडपाला तोडणं, कंद खणणं गुन्हा आहे. राखीव जंगलात भारतीय वन कायदा, 1927 लागू होतो. वन्यजीव कायद्यात 1991 मध्ये वनस्पतींसाठी वेगळं कलम आलं. पण त्यावेळी यादीत देशभरातल्या फक्त 6 नोंदी होत्या, त्यात मुसळी नव्हती, खरपुडीही नव्हती. वाघ मेला तर बातमी होते, मुसळीचं पोतं भरून गेलं तर कोणी विचारत नाही.

मग रोपं वाचतात कुठे?

जिथे गावाचं लक्ष आहे तिथे. देवराईत, बांधावर, कुंपणात. माझ्या शेताच्या कुंपणावर कळलावी दरवर्षी फुलायची. एका उन्हाळ्यात कुंपण पेटवून साफ केलं, त्यानंतर ती दिसली नाही. ही चूक माझीच. अभयारण्य जवळ असतं तरी त्या वेलीला काही उपयोग नव्हता.

आपण काय करू शकतो?

1. भाजीची पानं कोवळी असताना वरून कापा, कंद जमिनीत राहू द्या. काही रोपं फुलायला आणि बी धरायला सोडा.

2. व्यापारी मुळं मागत असेल तर जंगलातली देऊ नका. सफेद मुसळीची शेतात लागवड होते.

3. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जा. लोक जैवविविधता नोंदवहीत गावातल्या दुर्मिळ वनस्पतीची नोंद करून घ्या. ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असली पाहिजे, असं 2002 चा कायदा सांगतो.

4. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना जंगल राखण्याचा अधिकार 2006 च्या कायद्याने दिला आहे. ग्रामसभेत खणण्याबाबत नियम ठरवा.

5. वणवा किंवा चोरटी तोड दिसली तर वनविभागाचा 1926 हा टोल फ्री नंबर लावा.

6. दुर्मिळ फुलाचा फोटो जरूर काढा, पण नेमकं ठिकाण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. खणणारे तोच पत्ता शोधत येतात.