रविवारचं मैदान आणि आमचा गाविलगड

वऱ्हाडात आम्हाला गोल्फ ठाऊक तो टीव्हीपुरताच. पण मुलाकडे स्कॉटलंडला गेलो तेव्हा त्याने एका रविवारी सेंट अँड्र्यूजला नेलं. गोल्फची पंढरीच म्हणा ना! तिथे पूर्वी फेरी बावीस खळग्यांची होती, १७६४ साली ती अठरांची केली आणि पुढे जगभर अठराच झाले.

तिथल्या जुन्या मैदानावर एरवी रविवारी खेळ बंद असतो. जमीन सार्वजनिक, त्यामुळे लोक कुत्री घेऊन खुशाल हिंडतात. इतर दिवशी खेळायचं तर बरेच जण सोडतीत नाव घालून वाट बघतात. आम्ही फुकटात फिरलो, छोट्या दगडी पुलावर फोटो काढला. चौदाव्या खळग्याच्या वाटेवर वाळूचा एक मोठा खड्डा आहे, नाव 'नरक'. काठावरून बघितला, मला काही विशेष वाटलं नाही.

घरी आल्यावर भावाला फोनवर सांगितलं, "सेंट अँड्र्यूज केलं बरं का!" मुलगा बाजूलाच होता. म्हणाला, "बाबा, आपण नुसते फिरलो. त्या खड्ड्यात चेंडू गेला असता म्हणजे कळलं असतं."

मला ते लागलं. कारण "गाविलगड केला" असं मी आयुष्यभर म्हणत आलो. शाळेच्या सहली नेल्या, एसटीने चिखलदऱ्याला उतरायचं, तिथून सपाटीने चालत गडावर. दरवर्षी एखादा पोरगा विचारायचाच, "सर, हा गड अभेद्य कसा काय?" मी १८०३ सांगून पुढे जायचो.

खरं उत्तर त्या एसटीतच होतं. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई जिंकून वेलस्ली नागपूरकर भोसल्यांच्या या गडाकडे वळला. दक्षिणेकडून चढण अशी की तोफांचा मारा तिथून निव्वळ लक्ष वेधण्यापुरता. खरा हल्ला उत्तरेकडून, आपण चालतो त्याच बाजूने. पण तिथवर जड तोफा आणायला स्टीव्हन्सनच्या सैन्याने डोंगरातून रस्ता करत जवळजवळ तीस मैल त्या ओढल्या. ७ डिसेंबरला निघाले, १२ ला पोचले. १५ तारखेला बाहेरच्या तटाला पाडलेल्या खिंडारातून शिरले, तर पुढे दरी आणि पलीकडे आतला तट शाबूत! कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह.

आणि गंमत बघा, कॅम्पबेलची ती ९४ वी पलटण 'स्कॉच ब्रिगेड' म्हणून ओळखली जायची. त्यांच्या मैदानावर मी रविवारचा फिरस्ता, आणि आमच्या गडावर ते... असो.

गेल्या डिसेंबरात नातवाला घेऊन गेलो. या वेळी पायवाट सोडून त्याला त्या दरीत उतरवलं, मी वरच बसलो, गुडघे ऐकत नाहीत. अर्ध्या तासाने कोपरं खरचटून धापा टाकत वर आला, आधी पाणी प्यायला, मग म्हणाला, "आजोबा, वरून कोणी गोळ्या पण झाडत होतं?"

"हो," म्हटलं, "आणि तू तर शिडीही नेली नव्हतीस."