सागवानाचे आयुष्य आणि माणसांची काटकसर

जुने लाकडी जहाज जतन करणे ही श्रीमंतांची हौस आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो पूर्णपणे चुकीचा नाही. लाकूड कुजते, खिळे गंजतात, फळ्यांचे सांधे उघडतात आणि समुद्र कोणाचीही वाट पाहत नाही. तरीही जी जहाजे आज उरली आहेत, त्यांचा इतिहास तपासला तर पैशाइतकेच दुसऱ्या एका गोष्टीला महत्त्व असल्याचे दिसते. ती गोष्ट म्हणजे जहाजाला सतत काही ना काही काम असणे. मुंबईत जन्मलेल्या 'त्रिंकोमाली' या जहाजाची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

१८१२ साली ब्रिटिश आरमाराने या फ्रिगेटची मागणी नोंदवली, तेव्हा नेपोलियनशी युद्ध चालू होते आणि इंग्लंडमध्ये जहाजांना लागणाऱ्या ओक लाकडाची चणचण होती. मुंबईच्या गोदीत मात्र मलबारच्या जंगलांतील सागवान येत असे. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून त्यांच्या घराण्यात जहाजबांधणीची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १८१६ मध्ये काम सुरू झाले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. तोवर युद्ध संपून दोन वर्षे झाली होती. १८१९ मध्ये पोर्ट्स्मथला पोहोचलेले हे नवेकोरे जहाज पुढची पंचवीसेक वर्षे नुसते नांगरून ठेवलेले होते.

येथे सागवानाचा गुण उपयोगी पडला. ओकच्या लाकडातील आम्लामुळे लोखंडी खिळे लवकर गंजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही खराब होते. सागवानात नैसर्गिक तेल असते. ते ओलावा, बुरशी आणि कीड यांना बऱ्याच अंशी दूर ठेवते आणि लोखंडालाही सांभाळते. दुरुस्तीचा खर्च किती येणार, हे अशा रीतीने मुंबईच्या सुतारांनी काही प्रमाणात १८१७ सालीच ठरवून ठेवले होते.

१८४७ पासून 'त्रिंकोमाली'ने दोन मोठ्या सफरी केल्या, एक अटलांटिकवर आणि दुसरी पॅसिफिकवर. १८६०च्या दशकापासून ती नौसैनिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरली गेली; त्यातली बरीच वर्षे ती वेस्ट हार्टलपूल या बंदरात होती. १८९७ मध्ये ती भंगारात विकली गेली.

त्याच वर्षी जेफ्री व्हीटली कॉब या गृहस्थाचे एक जहाज वादळात सापडून ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटले. ते होते नेल्सनचे 'फूद्रॉयां'. भंगारवाल्यांकडून सोडवून, दुरुस्त करून, बंदरोबंदरी लोकांना दाखवून खर्च भरून काढावा, असा कॉबचा बेत होता. फुटलेल्या जहाजाच्या लाकडाच्या आणि तांब्याच्या स्मरणवस्तू करून विकल्या गेल्या. त्यानंतर कॉबने 'त्रिंकोमाली' विकत घेतली, तिला 'फूद्रॉयां' हेच नाव दिले आणि तिच्यावर मुलांना नाविक शिक्षण देण्यास सुरुवात केली. हे काम, कॉबच्या मृत्यूनंतरही, १९८६ पर्यंत चालू राहिले. ज्या जहाजावर रोज माणसे राहतात, त्याची गळती लवकर लक्षात येते आणि लहान दुरुस्ती लहान असतानाच होते. काटकसरीचे याहून मोठे सूत्र नसावे.

पण हे सूत्र प्रत्येक वेळी पुरे पडत नाही. १९३२ पासून पोर्ट्स्मथला हिच्या सोबतीला 'इम्प्लॅकेबल' हे त्याहून जुने जहाज उभे होते. ते मूळचे फ्रेंच होते आणि १८०५ मध्ये ट्रफाल्गरला इंग्रजांविरुद्ध लढले होते. त्यावरही मुले शिकत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीचा अंदाज दीड लाख पौंड निघाला. युद्धाने खंगलेल्या ब्रिटनला ही रक्कम परवडणारी वाटली नाही, फ्रान्सनेही जहाज घेतले नाही. २ डिसेंबर १९४९ रोजी दोन्ही देशांचे झेंडे लावून ते समुद्रात बुडवण्यात आले. स्फोटानंतरही ते काही तास पाण्यावर राहिले. ही हळहळ वाया गेली नाही. ते वाचवण्यासाठी धडपडलेले फ्रँक कार यांनीच पुढे 'कटी सार्क' या जहाजाच्या जतनासाठी पुढाकार घेतला.

'त्रिंकोमाली'च्या मोठ्या दुरुस्तीसाठी १९८७ मध्ये तिला तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणले गेले. शंभराहून अधिक वर्षांनी ती आपल्या जुन्या बंदरात परतली. त्या गावातील जहाजबांधणी तोवर बंद पडली होती, पण त्या कामातले हात गावात होते. १९९० ते २००१ या काळात, निधी जमेल तसे काम पुढे सरकत गेले. एकूण खर्च सुमारे एक कोटी पौंड झाला. रक्कम थोडकी नव्हे. तरी जहाजाचे निम्म्याहून अधिक मूळ लाकूड जागेवर ठेवता आले. १९९२ मध्ये तिला तिचे मूळ नावही परत मिळाले. पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून ती आज ओळखली जाते.

या कथेत जमशेटजींचे नाव नोंदले गेले, कॉबचेही नोंदले गेले. ज्यांनी मुंबईच्या उन्हात त्या फळ्या तासल्या, त्या सुतारांची नावे मात्र आपल्याला सांगता येत नाहीत. जहाज जतन करताना कोणते लाकूड काढायचे आणि कोणते ठेवायचे, हा प्रश्न कारागिरापुढे रोज येतो. इतिहास लिहिणाऱ्यापुढेही तोच प्रश्न असतो. फरक एवढाच, की कारागिराने ठेवलेली फळी दोनशे वर्षांनंतरही हात लावून पाहता येते.