सिकलसेल : दोष एकच, तीव्रता वेगवेगळी

पूर्व विदर्भात, विशेषतः गोंदिया, गडचिरोली या जिल्ह्यांत, वाहक म्हणजे 'एएस' आणि रुग्ण म्हणजे 'एसएस' ही अक्षरे अनेक कुटुंबांच्या परिचयाची आहेत. सिकलसेल गोंड, हलबा यांसारख्या आदिवासी जमातींत आढळतो, तसाच अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांतही आढळतो. कोडे वेगळेच आहे. एकाच घरातील दोन 'एसएस' भावंडांपैकी एक नियमित शाळेत जाते आणि दुसऱ्याला वारंवार रुग्णालयात दाखल करावे लागते, असे का?

मूळ दोष दोघांतही तोच असतो. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकात एक अक्षर बदलते, त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. अशा हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे तयार होतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. निर्जलीकरण, थंडी, ताप आणि अतिश्रम यांनी वेदनेचे झटके येतात. भर पावसात चिखलात उभे राहून धानाची रोवणी करणाऱ्याला यांतले टाळता येते ते फार थोडे.

तीव्रता मात्र इतर जनुके ठरवितात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन हा त्यातील सर्वांत प्रभावी घटक. ते दोऱ्यांच्या बांधणीत अडथळा आणते. भारतीय रुग्णांत प्रामुख्याने आढळणाऱ्या 'अरब-भारतीय' जनुकीय प्रकारात त्याचे प्रमाण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा बरेच अधिक असते. दुसऱ्या गुणसूत्रावरील 'बीसीएल११ए' हे जनुकही ते प्रमाण कमी-अधिक करते. (मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये अपंगत्वाचा वेग वाढविणारा जनुकीय बदल २०२३ मध्ये कुठे हाती लागला, सिकलसेलचे संशोधन या बाबतीत कितीतरी पुढे आहे.)

यावरूनच 'भारतीय सिकलसेल सौम्य असतो' हा समज रूढ झाला. विदर्भाच्या बाबतीत तो घातक आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वलसाडचे आदिवासी रुग्ण आणि नागपूरचे बिगरआदिवासी रुग्ण यांची तुलना झाली. दोघांचा जनुकीय प्रकार अरब-भारतीयच. तरीही नागपूरकडील आजार अधिक तीव्र होता. फरक सोळाव्या गुणसूत्रावरील अल्फा ग्लोबिनचा. वलसाडच्या रुग्णांत अल्फा थॅलेसेमियाचे प्रमाण फार मोठे होते आणि त्यामुळे लाल पेशींचा नाश कमी होत होता. म्हणून गुजरातेतील निष्कर्ष इकडे जसाच्या तसा लावता येत नाही.

हे ज्ञान उपचारांतही उतरले आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते. कमी मात्रेतही ते गुणकारी ठरते, हे नागपूरच्या मुलांवरील अभ्यासातून २०१२ मध्ये दिसले. ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्य झालेली जनुक-संपादन चिकित्सा 'बीसीएल११ए'लाच लक्ष्य करते. अमेरिकेत तिची किंमत बावीस लाख डॉलर असल्याने विदर्भातील रुग्णाला तूर्त हायड्रॉक्सियुरियाच जवळचे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. परंतु अशा तपासणीतून 'एएस' की 'एसएस' एवढेच कळते, पुढील वाटचाल कळत नाही.

अपंगत्वाचा प्रश्न इथेच येतो. अल्फा थॅलेसेमिया रक्तक्षय कमी करतो, पण हाडांना संरक्षण देत नाही; रक्त दाट झाल्याने खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजण्याचा धोका उलट वाढतो. त्यामुळे हिमोग्लोबिन बरे असलेला, 'सौम्य' म्हणून गणलेला तरुणही लंगडू लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. मात्र प्रमाणपत्राची वेळ येण्याआधी जांघेतील वा मांडीतील सततच्या वेदनेची दखल घेतली जायला हवी. सुरुवातीचा बदल साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही, तो एमआरआयमध्ये दिसतो.